तमाम लोकांस कळविण्यात येते की

आमच्या सोलापुरात कुणाचं काय चाललंय हे शोधून काढावं लागत नाही. सात रस्ता असो की अशोक चौक, कुठल्याही टपरीवर एक हाफ चहा संपेस्तोवर सगळं कानावर येतं. कुठल्या पुढाऱ्याची जमीन कुणाच्या नावावर आहे, कुठल्या कारखान्याचं भंगार कुणाच्या मेव्हण्यानं उचललं, कुठल्या ठेक्यात कुणाचा टक्का किती. सांगणारा अगदी शपथेवर सांगतो. आपण जरा नवल केलं की वर म्हणतो, "तुला म्हायतीच नाही का बे? सगळ्या गावाला म्हायती हाय!" आणि विषय तिथंच संपतो. मग चहाचे पैसे कोण देणार यावर थोडा वेळ जातो.

या "सगळ्या गावाला माहीत आहे"ची मला अलीकडं चीड यायला लागली आहे. जे सगळ्या गावाला माहीत असतं त्याचा जाब कुणीच कुणाला विचारत नाही. पुढाऱ्यालाही त्याचा काडीचा त्रास नसतो, उलट दरारा वाढतो. "साहेबांचे हात कुठवर पोचलेत बघ" असं लोक कौतुकानं सांगतात. साहेबांना त्रास होतो तो कागदाचा. तोही एकट्या कागदाचा नाही, कारण एका कागदाला काहीतरी खुलासा असतोच. दोन कागद शेजारी शेजारी ठेवले की मग फोनाफोनी सुरू होते.

मी पत्रकार नव्हे. इथल्याच एका दैनिकाच्या जाहिरात खात्यात लागले तेव्हा माझं लग्न झालेलं नव्हतं, आणि सोडलं तेव्हा मुलगी नोकरीला लागली होती. मधली काही वर्षं मुद्रितशोधनाच्या टेबलावर गेली. वडील नरसिंग गिरजी मिलमध्ये, आई घरी विड्या वळायची. बारीक काम न कंटाळता करायची सवय तिथूनच. म्हणून असेल, पण पेपरात जे कुणी वाचत नाही ते वाचायची मला खोड लागली. जाहीर नोटिसा.

तुम्हीही त्या पाहिल्या असतील, पण वाचल्या नसतील. आतल्या पानावर, शेवटच्या दोन कॉलमात, मुंगीएवढ्या टायपात. "तमाम लोकांस या जाहीर नोटिशीद्वारे कळविण्यात येते की, मौजे अमुक, तालुका उत्तर सोलापूर येथील गट नंबर तमुक, क्षेत्र हेक्टर आर इतके, ही मिळकत यातील लिहून देणार यांचे मालकी वहिवाटीची असून ती आमचे अशिलांनी कायम खरेदीने घेण्याचे ठरविले आहे. सदर मिळकतीवर कोणाचाही गहाण, दान, बक्षीस, पोटगी, बोजा, अन्नवस्त्र इत्यादी प्रकारचा हक्क हितसंबंध असल्यास चौदा दिवसांचे आत लेखी कागदपत्रांसह कळवावे." खाली वकिलाचं नाव, पत्ता, आणि चतुःसीमा: पूर्वेस ओढा, पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस गट नंबर अमुक. आमच्याकडं वकिलांचे कारकून हे मजकूर घेऊन यायचे आणि सगळ्यांची एकच मागणी असायची, "ताई, बारक्यात बारका बसवा." पैसे वाचवायला, असं मला आधी वाटायचं. पुढं कळलं की काही अशील आमच्या पेपरात देतच नाहीत. ज्याचा खप शंभर-दोनशे आहे अशा पत्राकडं जातात. नोटीस छापल्याचं कात्रण फायलीला लागलं म्हणजे काम झालं, ती कुणी वाचावी अशी कुणाचीच इच्छा नसते. जिल्ह्यात अशी कितीतरी साप्ताहिकं आहेत की जी कुणी वाचत नाही याच गुणावर जगतात.

मुद्रितशोधनाला आमच्याकडं एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांना सगळे काका म्हणायचे. काकांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या वेलांट्या सुधारल्या, स्वतः एक ओळ छापली नाही. पण शोधपत्रकारिता म्हणजे काय हे मला त्यांच्याइतकं सोपं करून कुणी सांगितलं नाही. त्यांचा आवडता विषय अंतुले.

१९८१ सालची गोष्ट. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते. सिमेंट तेव्हा आजच्यासारखं दुकानातून हवं तेवढं उचलता येत नसे, सरकारी वाटपातून परवान्यावर मिळायचं. साध्या माणसाला दोन खोल्यांचा स्लॅब टाकायचा तर अर्ज, शिफारस, चकरा. त्याच काळात अंतुल्यांनी इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान आणि आणखी काही न्यास उभे केले आणि त्यांत देणग्यांचा ओघ लागला. ३१ ऑगस्ट १९८१ ला 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अरुण शौरींचा लेख आला आणि महाराष्ट्र हादरला. बिल्डरांना सिमेंट मिळत होतं आणि बिल्डर न्यासाला देणग्या देत होते. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्ती लेंटिन यांनी जानेवारी १९८२ मध्ये सिमेंट आणि देणग्या यांचा संबंध होता असा निकाल दिला, आणि अंतुल्यांना खुर्ची सोडावी लागली.

काका म्हणायचे, "यात गुपित काय होतं सांग. सिमेंट कुणाला किती दिलं, त्याची यादी सरकारात होती. देणगी कुणी किती दिली, त्याची यादी न्यासात. चेकनं दिलेल्या देणग्या, म्हणजे तारखेसकट. शौरींनी काही तिजोरी फोडली नाही. दोन याद्या शेजारी ठेवल्या."

इतकं सोपं ते नसणार, याद्या हातात यायला कुणीतरी आतला माणूस लागतो आणि छापायला मालकाची छाती लागते. पण सांगण्याचा गाभा खरा होता. फौजदारी खटला मात्र वर्षानुवर्षं चालत राहिला, सर्वोच्च न्यायालयात वर-खाली होत राहिला, आणि २००६ मध्ये अंतुले केंद्रात मंत्री झाले. हेही काका सांगायचे, तंबाखूची गोळी गालात धरून, अजिबात आवाज न चढवता.

या प्रकरणात आमच्या जिल्ह्याला जवळची एक बाजू आहे, ती सिमेंटच्या गलबल्यात लोक विसरतात. न्यासाला नुसते बिल्डर देत नव्हते, सहकारी साखर कारखानेही देत होते. उसाच्या टनामागं ठरावीक रक्कम. म्हणजे देणगी कारखान्याची आणि पैसा ऊस घालणाऱ्याचा. माझे मामा मोहोळ तालुक्यातले. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत उसाच्या बिलांची चळत असायची, सुतळीनं बांधलेली. लहानपणी मला त्यातले रकाने वाचायला आवडायचे. वरती वजन, दर, एकूण रक्कम. ती बघून वाटायचं मामा श्रीमंत आहेत. मग खाली कपाती सुरू व्हायच्या: सोसायटीचं कर्ज, बिनपरतीची ठेव, परतीची ठेव, अमुक निधी, तमुक निधी, कसल्याशा इमारतीसाठी. सगळ्यात शेवटी 'निव्वळ देय', आणि तिथं आलेला आकडा बघून मामी पदर कमरेला खोचून उठायची. मामांना विचारलं की हा निधी कसला, तर म्हणायचे, "कापायलेत तर कापू दे. चेअरमनला कोण विचारणार?" आपल्या खिशातला रुपया चेअरमनच्या हातानं मंत्र्याकडं गेला, फोटोही निघाला, आणि मामांच्या वाट्याला आली ती कपातीची ओळ.

आता माझी स्वतःची गोष्ट. गावाचं नाव सांगणार नाही, माणसांचीही नाही. शहराच्या हद्दीला लागून एक गाव आहे एवढं पुरे.

नोटिसांचं प्रूफ वाचताना एका वर्षी मला वाटायला लागलं की हे गाव फार वेळा येतंय. विकणारे वेगवेगळे, कुणी भाऊबंद, कुणी विधवा, कुणी मुंबईला गेलेले. घेणाऱ्याचं नाव नोटिशीत नसतंच, "आमचे अशील" एवढंच. पण वकिलाचा पत्ता प्रत्येक वेळी तोच. मी ऑफिसच्या प्रतीतून कात्रणं कापून एका जुन्या डायरीत डकवायला लागले. हौस म्हणून, दुसरं काही नाही. मग एका रविवारी त्या गावाचा गटनकाशा मिळवला आणि पेन्सिलीनं एकेक गट रंगवत गेले. चतुःसीमा जुळत गेल्या. या नोटिशीत दक्षिणेस जो गट होता तोच पुढच्या नोटिशीत विकायला होता. ओढ्यापासून रस्त्यापर्यंत एक सलग पट्टा रंगला, मध्ये दोनच गट पांढरे. त्या दोघांनी विकायला नकार दिला असणार.

आणि मग काही महिन्यांनी त्याच पानावर, त्याच मुंगीएवढ्या टायपात, एक सरकारी सूचना आली. प्रादेशिक योजनेत फेरबदल, नगररचना कायद्याचं कलम २०, मौजे तेच, शेती विभागातून रहिवास विभागात. हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत. खाली गट नंबर. मी डायरी उघडली. पांढरे राहिलेले ते दोन गट त्या यादीत नव्हते.

आमच्याकडं अक्कलकोटकडचा एक तरुण बातमीदार होता, तेव्हा गुन्हे बघायचा. त्याला डायरी दाखवली. त्यानं ती बंद केली, परत उघडली आणि विचारलं, "ताई, हे अजून कुणाला दाखवलंय?" पुढचं सगळं काम त्याचं. दुय्यम निबंधकाकडून इंडेक्स टू, म्हणजे खरेदीखतांच्या नोंदीचे उतारे, काढले आणि घेणाऱ्यांची नावं आली. सातबारा आणि फेरफार काढले. नावं अगदी साधी, कुणी ओळखीचं नाही. टपरीवर मात्र सगळ्यांना "माहीत" होतंच की पट्टा कुणाचा आहे. पण ते छापता येत नाही. धागा लागला तो भलतीकडंच. एका शिक्षणसंस्थेच्या शाळेत तो कशाला तरी गेला होता, तिथं नोटीस बोर्डावर शिपायांची सेवाज्येष्ठता यादी लावलेली होती. त्यातली दोन नावं, वडिलांच्या नावासकट, इंडेक्स टूमध्ये होती. शिपायाचा पगार किती, जमिनीचा रेडीरेकनर, म्हणजे सरकारी बाजार, दर किती. तिसरा खरेदीदार संस्थेच्या अध्यक्षांच्या गाडीवर चालक निघाला. संस्थेचे अध्यक्ष म्हणजेच ते, ज्यांचं नाव टपरीवर पहिल्या दिवसापासून घेतलं जात होतं.

बातमी लिहून झाली. चांगली झाली होती, एकही विशेषण नव्हतं. शिपायांची बाजूही त्यानं विचारली होती. एकानं "मला काही माहीत नाही, सह्या घेतल्या" असं सांगितलेलं होतं. पान लागलं, प्रूफ मी स्वतः वाचलं. रात्री वरच्या मजल्यावरून आमच्या पेपरचे साहेब उतरले, पान बघितलं आणि एवढंच म्हणाले, "ही होल्डवर ठेवा. वाढदिवस जाऊ दे."

हे जिल्ह्याच्या गावाबाहेरच्यांना कळायचं नाही म्हणून सांगते. आमच्याकडं पुढाऱ्याचा वाढदिवस हा पेपरचा सुगीचा महिना. रंगीत पुरवणी निघते. पहिल्या पानावर पुढाऱ्याचा कमरेपर्यंतचा फोटो, मागं ढग किंवा वाघ. कार्यसम्राट, विकासरत्न, जाणता राजा यांपैकी काहीतरी. आत पानंच्या पानं शुभेच्छुक: ठेकेदार, प्राचार्य, पतसंस्था, कारखान्याचं संचालक मंडळ, टँकरवाले. तालुक्याच्या वार्ताहराला पगार म्हणाल तर नावाला, त्याचं घर चालतं ते या जाहिराती गोळा केल्यावर मिळणाऱ्या कमिशनवर. म्हणजे ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच दारात पावतीपुस्तक घेऊन उभं राहायचं. कुणी धमकी देत नाही, कुणी फोन करत नाही. आमच्या साहेबांनाही कुणी फोन केला नव्हता. त्यांनी स्वतःच हिशेब केला. आमचा दिवाळी बोनस त्या पुरवणीतून निघायचा, माझाही.

त्या जागेवर उजनी धरणाच्या पाणीपातळीची बातमी गेली. उजनीची बातमी आमच्याकडं कुठल्याही जागेला बसते.

वाढदिवस गेला, बातमी होल्डवरच राहिली. शेवटी त्या मुलानं ती एका साप्ताहिकाला दिली. तो अंक सकाळी नऊपर्यंत सगळ्या स्टॉलवरून संपला, कारण मोटारसायकलवरून आलेल्या पोरांनी गठ्ठेच्या गठ्ठे विकत घेतले. साप्ताहिकाचा मालक खूश, एवढा खप त्यानं जन्मात बघितला नव्हता. आठवड्याभरात अब्रुनुकसानीची नोटीस आली. पाकिटावरचा वकिलाचा पत्ता मला पाठ होता. पुढं खटला काही झाला नाही, तो करायचाही नसतो, नोटीस पुरते. तो मुलगा आता पुण्यात एका कंपनीत मजकूर लिहितो आणि पगार एक तारखेला होतो, असं त्याच्या आईनं मला सिद्धेश्वराच्या देवळात सांगितलं. पट्ट्यावर प्लॉट पडले, कमान लागली. हरकती व सूचनांच्या मुदतीत किती हरकती आल्या, ते मी विचारायला गेले नाही.

निवडणूक रोख्यांचं प्रकरण झालं तेव्हा मला काकांची फार आठवण आली. २०१८ मध्ये बँकेचे रोखे घेऊन पक्षांना देणगी द्यायची योजना आली, तेव्हा सांगितलं गेलं की देणारा कोण हे कुणालाच कळणार नाही. 'द क्विंट'च्या पूनम अग्रवाल यांनी हजार-हजाराचे रोखे रीतसर विकत घेतले आणि ते प्रयोगशाळेत तपासून घेतले. अतिनील प्रकाशात धरल्यावर कोपऱ्यात एक अक्षरं-आकड्यांचा क्रमांक उमटला, जो साध्या डोळ्यांना दिसत नव्हता. प्रत्येक रोख्यावर वेगळा. म्हणजे देणारा आणि घेणारा यांची सांगड घालायची सोय कागदातच होती, फक्त ती आपल्यासाठी नव्हती. सरकार म्हणालं, ती सुरक्षेची खूण आहे.

१५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं ती योजना घटनाबाह्य ठरवली. स्टेट बँकेनं तपशील द्यायला ३० जूनपर्यंत मुदत मागितली, न्यायालयानं ती दिली नाही. १४ मार्चला निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर दोन याद्या आल्या. एकीत कुणी किती रुपयांचे रोखे घेतले, दुसरीत कुठल्या पक्षानं किती वटवले. दोन्ही अलग. कुणाचे कुणाला, ते नाही. माझी मुलगी सुट्टीला आली होती, तिनं लॅपटॉपवर दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडून दिल्या आणि मी सवयीनं पान पान खाली सरकवत ओळखीची नावं शोधत बसले. सगळ्यात मोठा खरेदीदार लॉटरीवाला, फ्यूचर गेमिंग, १,३६८ कोटी. वटवणाऱ्यांत सगळ्यात पुढं भाजप, सुमारे ६,०६० कोटी. त्या खालोखाल तृणमूल आणि काँग्रेस. न्यायालयानं परत दटावल्यावर २१ मार्चला क्रमांकांसह याद्या आल्या, तोच क्रमांक जो पूनम अग्रवालांना दिव्याखाली दिसला होता. मग देशभरातल्या पत्रकारांनी आणि संगणकवाल्या पोरांनी ते जुळवले. कुणाकडं छापा कधी पडला आणि रोखे कधी घेतले, ठेका कधी मिळाला आणि रोखे कधी घेतले, अशा तारखा लागायला लागल्या. प्रत्येक तारखेमागं सौदाच होता असं म्हणता येणार नाही. पण विचारायचं कुणाला आणि कशाबद्दल, हे तरी कळलं.

मोठ्या प्रकरणांत एक गोष्ट बघितली की मला हेवा वाटतो. २०१६ च्या पनामा प्रकरणात, म्हणजे परदेशातल्या आडोशाच्या कंपन्यांचे कागद फुटले त्यात, एक कोटी पंधरा लाखांच्या आसपास दस्तऐवज होते आणि शंभराहून जास्त माध्यमसंस्था वर्षभर गुपचूप एकत्र बसून ते वाचत होत्या. आपला 'इंडियन एक्स्प्रेस'ही त्यात होता. इथं जिल्हा परिषदेसमोर एकाच गाड्यावर चहा पिणारे दोन पेपरांचे दोन बातमीदार एकमेकांना सातबारा दाखवत नाहीत.

आता उसाकडं परत येते, कारण आमच्या जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने आहेत आणि इथली सत्ता म्हणजे बरीचशी कारखान्याच्या गेटमधून आत-बाहेर करणारी सत्ता. सहकारी कारखान्याला तुम्ही माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला तर उत्तर येतं की आम्ही सार्वजनिक प्राधिकरण नाही. ते कायद्यानं बरोबरही आहे. केरळच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०१३ मध्ये तसा निकाल दिलेला आहे. बरेच जण इथंच हात टेकतात. पण कारखान्याकडचे कित्येक कागद सरकारकडंही असतात, आणि सरकारला विचारता येतं. साखर आयुक्त, इथले प्रादेशिक सहसंचालक, लेखापरीक्षक. सहकार कायद्याच्या कलम ८३ खाली चौकशी झाली असेल तर तिचा अहवाल. ८८ खाली संचालकांवर नुकसानीची जबाबदारी काढली असेल तर तो आदेश. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, पानाला दोन रुपये, तीस दिवस. तीस दिवसांत मिळतं असं नाही, अपिलात जावं लागतं, पण निदान नकार लेखी येतो आणि तोही एक कागदच.

अजून एक जोडी सांगते, हिला अर्जसुद्धा लागत नाही. ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, द्यायची, नाहीतर १५ टक्के व्याज, हा नियम १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातला. पैसे थकवले की साखर आयुक्त जिल्हाधिकाऱ्यांना महसुली वसुलीचे आदेश काढतात. त्या कारखान्यांची यादी एका बाजूला ठेवा. दुसऱ्या बाजूला निवडणुकीतली उमेदवारांची शपथपत्रं ठेवा, ती आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही दिसतात. स्वतःची, बायकोची, अवलंबून असलेल्यांची मालमत्ता, सोनं, गाड्या, कर्ज, शेअर्स. २०१४, २०१९ आणि २०२४, तीन शपथपत्रं एकाखाली एक लावली की कुठल्या साली काय वाढलं ते दिसतं. ज्या हंगामात ऊसवाल्याचे पैसे राहिले त्या हंगामाच्या आसपास काय खरेदी झालं, हा माझा छंद आहे. यातून काही सिद्ध होत नाही, विचारायचा प्रश्न तेवढा तयार होतो.

हे सगळं घरी बसून करणाऱ्या माझ्यासारखीला काही होत नाही. रस्त्यावर जाऊन करणाऱ्याला होतं. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे, ६ फेब्रुवारी २०२३. सकाळी पेपरात रिफायनरीच्या जमीन व्यवहारातल्या माणसाबद्दल बातमी आली आणि त्याच दिवशी पेट्रोल पंपाजवळ त्यांच्या दुचाकीला गाडीनं उडवलं. दुसऱ्या दिवशी ते गेले. ज्याच्याबद्दल बातमी होती त्यालाच अटक झाली. पत्रकारांवरील हल्ले रोखायचा कायदा महाराष्ट्रानं २०१७ मध्येच केलेला होता. आणि इंग्रजांनी १९३१ साली फासावर चढवलेल्या आपल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं पत्र चालवायचे, हे १२ जानेवारीला चार हुतात्मा चौकात हार घालायला येणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल?

कागदही आता आवळायला लागलेत. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं माहिती अधिकारातलं कलम ८(१)(ञ) बदललं. आधी वैयक्तिक माहिती नाकारताना जनहिताचा विचार त्या कलमातच करावा लागायचा, ती अट गेली. जनहितासाठी दुसरं कलम आहे म्हणतात, आहे. पण आमच्याकडच्या जन माहिती अधिकाऱ्याला नाकारायला एक ओळ मिळाली, एवढं मला दिसतं. शिपायांची सेवाज्येष्ठता यादी उद्या कुणी मागितली तर ती वैयक्तिक माहिती ठरेल का, यावर माझ्या ओळखीतले दोन वकील दोन बाजूंनी बोलतात.

मध्यंतरी विद्यापीठात पत्रकारिता शिकणारी एक मुलगी माझी डायरी बघायला आली होती. कात्रणं पिवळी पडलीत, डिंक सुटलाय. तिनं मोबाइलवर सगळी पानं स्कॅन करून घेतली, आणि बसल्या बसल्या सरकारच्या 'आपली चावडी' या संकेतस्थळावर त्याच गावचे नवे फेरफार उघडून दाखवले. मला जे करायला महिने लागले ते तिनं चहा उकळेपर्यंत केलं. पांढऱ्या राहिलेल्या दोन गटांपैकी एकाचा फेरफार पडलेला होता. वारसाची नोंद आणि लगेच खरेदी. घेणाऱ्याचं नाव मला माहीत नाही, तिलाही नाही. ती इंडेक्स टू काढणार आहे. बातमी कुठं छापणार, हे मी विचारलं नाही.

माझी एक मागणी आहे. सप्टेंबरअखेर कारखान्यांच्या वार्षिक सभा होतील, तुमच्यापैकी जे सभासद आहेत त्यांच्याकडं अहवाल येतील. सभेत "मंजूर, मंजूर" होऊन दहा मिनिटांत सगळे जेवायला उठतात आणि अहवाल खुर्चीवर राहतो. तो उचलून आणा. पुढची रंगीत फोटोंची पानं मला नकोत. मागची पाठवा: लेखापरीक्षकाचे शेरे, तोडणी-वाहतुकीच्या उचलीची येणेबाकी, आणि संचालक व त्यांचे नातेवाईक यांच्याकडून येणं दाखवलेली यादी असेल तर ती. जुने असतील तर जास्तच बरं. फोटो सरळ काढा, कोपरे कापू नका, सालाचं पान सोबत पाठवा.